नावाची चिठ्ठी

“चिठ्ठी नको मला,” मी म्हणाले.

टेबलामागच्या मुलीनं मान वर केली. तिच्या पुढ्यात चिकटणाऱ्या पिवळ्या चिठ्ठ्यांची चवड होती. येणाऱ्याचं नाव ठसठशीत अक्षरात चिठ्ठीवर लिहायचं आणि ती त्याच्या वहीच्या पानावर डकवायची, म्हणजे कलाकारांना प्रत्येकाला नाव विचारत बसावं लागत नाही आणि रांग भराभर सरकते, अशी संयोजकांनी काढलेली युक्ती. युक्ती चांगलीच होती. फक्त ती माझ्यासाठी नव्हती.

“सगळ्यांनाच लावायची आहे, मॅडम.”

“लावा ना सगळ्यांना. रेवतीताईंना माझं नाव माहीत आहे.”

हे मी गरजेपेक्षा बऱ्याच मोठ्यानं म्हणाले. पाठीमागे आमच्या ‘थोरली परिवारा’तल्या अकरा बायका उभ्या होत्या आणि त्यातल्या शेवटचीलाही ऐकू जावं असा माझा बेत होता. गेलंही.

“ऐकलं का गं?” अलका बोंद्रे मागं वळून म्हणाली. “आमच्या पद्मजाला चिठ्ठी लागत नाही म्हटलं! ताईंच्या घरातली हाय ती!”

बायका कौतुकानं हसल्या आणि मी लाजून खाली बघितलं. चौदा वर्षं झाली या गोष्टीला, पण ते खाली बघणं आठवलं की अजून माझ्या कानाच्या पाळ्या गरम होतात.

‘इनामदारांची थोरली’ ही मालिका दर गुरुवारी संध्याकाळी साडेसातला लागायची, आणि त्या वेळी मिरजेत आमच्या गल्लीत चिटपाखरू दिसायचं नाही. थोरलीचं काम रेवती जठार करायच्या. मालिका संपल्यावर तीच मंडळी एक नाटक घेऊन गावोगाव फिरू लागली. सांगली, कोल्हापूर, इचलकरंजी, निपाणी, जिथं एस.टी.नं जाऊन परत येता येईल तिथला एकही प्रयोग मी सोडला नाही. असे अकरा प्रयोग झाले. प्रत्येक प्रयोगानंतर मी वही घेऊन रंगपटाच्या दाराशी उभी. नायकाची, खलनायकाची, सासूची, दिग्दर्शकाची, सगळ्यांच्या सह्या माझ्याकडे होत्या. ताईंच्या तर अकरा, अकरा वेगळ्या पानांवर.

खरं सांगायचं तर मला सहीचं एवढं नव्हतं. मी आत गेले की ताई आरशासमोरून वळायच्या, निम्म्या चेहऱ्यावर रंग, निम्मा पुसलेला, माझा हात दोन्ही हातांत धरायच्या आणि म्हणायच्या, “अगं, आलीस तू!”

बस, एवढंच. पण असं म्हणायच्या की मी येईपर्यंत त्यांचा जीव जणू टांगणीला लागला होता. मी एका लॅबमध्ये लोकांचं रक्त काढायचं काम करत होते. दिवसाला साठ-सत्तर माणसं माझ्यासमोर बाही वर करून बसायची आणि सुई दिसली की तोंड फिरवायची. आई अंथरुणाला खिळलेली होती, मग तीही गेली. भाऊ बेळगावला, त्याचा फोन दिवाळीला यायचा. मी आले म्हणून कुणाला बरं वाटलं, असं घडायचं ते फक्त त्या रंगपटात. त्या एका वाक्यावर मी तीन-तीन महिने काढायची.

नाटक बंद पडलं आणि मग काही वर्षांनी इंटरनेटवर हा ‘थोरली परिवार’ निघाला. मी तिथं ‘ताई आणि मी’ असं लांबलचक लिहिलं. त्यात थोडा मीठमसाला होता, नाकारत नाही. पण त्यामुळे मला मैत्रिणी मिळाल्या. वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, पहिल्यांदाच. कोल्हापूरची अलका रोज फोन करायची. कुणी लोणचं पाठवायची. ‘ताईंना ओळखणारी पद्मजा’ म्हणून मला त्यांच्यात मान होता, आणि दुसरं काही माझ्याकडे देण्यासारखं नव्हतंही.

म्हणून पुण्यातल्या मंगल कार्यालयात मालिकेच्या चाहत्यांचं संमेलन भरायचं ठरलं, तेव्हा अलकानं परस्पर जाहीर करून टाकलं, की परिवारातर्फे ताईंना इरकल साडी पद्मजाच देणार आणि चार वाजता स्टेजवर पाच मिनिटं बोलणारही तीच. मी महिनाभर आरशासमोर भाषण पाठ करत होते.

जेवणं आटोपली आणि अडीच वाजता सह्यांची रांग सुरू झाली. ताई हॉलच्या टोकाला मखमली खुर्चीत बसल्या होत्या. माझ्यापुढे वीसेकजणी असतील. आधी नुसतं त्यांचं हसू दिसत होतं. बाराजणी उरल्या तेव्हा आवाजही ऐकू यायला लागला.

“अगं, आलीस तू!”

मला आनंदच झाला. म्हटलं, कुणीतरी जुनी ओळखीची भेटली त्यांना. नंतर बघते तर ती नांदेडची शिक्षिका. सकाळी चहाच्या वेळी तिनंच मला सांगितलं होतं, की ताईंना आयुष्यात पहिल्यांदाच बघणार म्हणून हातपाय गार पडलेत.

“अगं, आलीस तू!” तिच्यामागची.

“अहो, आलात तुम्ही!” एक म्हातारे गृहस्थ.

“अगं, आलीस तू!”

तोच हेल. ‘अगं’नंतर तेवढंच थांबणं. तेच दोन्ही हात. मी मोजायला लागले, आणि एकदा मोजायला लागल्यावर थांबता येईना. चिठ्ठ्यांचं टेबल माझ्यापासून दहा पावलांवर होतं. जाऊन गुपचूप एक चिठ्ठी आणावी असं मनात आलं. पण माझ्या पाठीला लागून अलका उभी, तिच्यामागे दहाजणी. काय सांगणार होते मी त्यांना? रांग सरकत होती, मीही सरकत होते.

“अगं, आलीस तू!”

माझी पाळी. हात तसेच ऊबदार होते, ते मात्र खोटं नाही. ताईंनी माझी वही उघडली. कोऱ्या पानावर चिठ्ठी शोधली. पान उलटून पाहिलं, खाली जमिनीकडे पाहिलं.

“पडली वाटतं चिठ्ठी,” त्या म्हणाल्या. पेन वर धरून माझ्याकडे गोड हसल्या. “नाव काय लिहू?”

त्या थट्टा करतायत असं मला दोन क्षण वाटलं. तसं वाटावं म्हणून मी दोन क्षण थांबले, हेच खरं.

“पद्मजा,” मी म्हणाले. माझा आवाज मलाच ऐकू आला नाही.

“ताई, ही पद्मजा मगदूम!” मागून अलका ओरडली. तिला वाटलं ती मला वाचवतेय. “मिरजेची! तुमच्या अकरा प्रयोगांना आली होती बघा! तुम्ही तिच्या आईची चौकशी केलेली!”

“हो हो हो, मिरज!” ताई म्हणाल्या. “काय रसिक गाव आहे! आणि काय दाद देतात!” आणि त्यांनी लिहिलं, ‘प्रिय पद्मजास, खूप प्रेम’.

बाई वाईट नव्हत्या, हे मला सांगितलंच पाहिजे. साठी उलटलेली, मनगटाला क्रेप बँडेज गुंडाळलेलं, समोर अजून दीडशे माणसं. पण तेव्हा हे काही सुचलं नाही. अलकानं सही घेतली आणि माझ्याजवळ येऊन माझ्या खांद्यावरचा पदर उगाचच सारखा केला.

“गर्दीत होतंय असं,” ती हळू म्हणाली. “स्टेजवर बघ की, बरोबर ओळखतील.”

इतर बायका एकदम त्यांच्या पर्सेसमध्ये काहीतरी शोधायला लागल्या होत्या. कुणी हसलं असतं तर बरं झालं असतं. मी पाणी पिऊन येते म्हणाले आणि दिसेल त्या दारानं बाहेर पडले.

ते दार हात धुवायच्या बेसिनांकडे जाणाऱ्या बोळात निघत होतं. मसालेभाताचा वास, ओली फरशी, आणि भिंतीला लावून एक टेबल. टेबलावर पुठ्ठ्याची पाटी होती, ‘महादू टांगेवाला’. लोकांना कलाकारांपेक्षा पात्रांची नावं लक्षात राहतात म्हणून संयोजकांनी सगळ्याच पाट्या तशा केल्या होत्या. थोरलीला माहेरी पोचवणारा तो टांगेवाला, मालिकेत महिन्यातून एकदा दिसायचा. आता पांढरी मिशी, इस्त्रीचा झब्बा. पुढे एक माणूस नव्हता, तरी पेनाचं टोपण काढून तयार बसला होता.

“या, मगदूमबाई,” तो म्हणाला.

मी मागं वळून पाहिलं. बोळात दुसरं कुणी नव्हतं.

“तुम्ही मला ओळखता?”

“आता काय विचारता हे? मिरजेच्या मगदूमबाई. लॅबमध्ये असता. इचलकरंजीला तुमची शेवटची गाडी चुकली तेव्हा आमच्या कंपनीच्या बसमधून सांगलीपर्यंत आलात. माझ्याच शेजारी बसला होतात की. माझा हात बघून म्हणालात, ‘शिरा छान आहेत तुमच्या, नवशिक्यालासुद्धा सापडतील.’” तो खुशीत हसला. “असं कौतुक पुन्हा कुणी केलं नाही बघा माझं.”

तो प्रवास मला पक्का आठवत होता. पुढच्या सीटवर ताई झोपल्या होत्या, त्यांच्या शालीचा काठ मोरपंखी होता. शेजारी कोण होतं, हे काही केल्या आठवेना.

“बसा,” त्यानं स्वतःच्याच बाजूची प्लास्टिकची खुर्ची ओढली. “रंग उडालाय तुमचा. बाईंना भेटून आलात?”

मी मान हलवली.

“ओळखलं नाही?”

कसं कोण जाणे, त्याला कळलं. मी खुर्चीत बसले.

“मनाला लावून घेऊ नका. त्यांच्या लक्षात राहत नाही. तेव्हाही राहायचं नाही. दिवसाला तीनशे तोंडं बघायच्या त्या.” तो सहज सांगत होता. “माझं काम पहिल्याच अंकात संपायचं. मग कंपनीनं मला रंगपटाच्या दारावर उभं केलेलं, गर्दी आवरायला. कोण आलंय ते मी आत जाऊन सांगायचो. तुम्ही दिसलात की सांगायचो, ‘बाई, त्या मिरजेच्या मगदूमबाई आल्यात, नेहमीच्या.’ मग तुम्हाला आत सोडायचो.”

“निपाणीला त्यांनी आईचं विचारलं होतं,” मी म्हणाले. हे एक तरी माझ्याकडे राहू द्या, असं मला वाटत होतं. “आई कशी आहे, झोप लागते का, असं.”

“हो ना. त्याआधी दाराशी तुम्हीच मला सांगितलं होतंत, आईला रात्र-रात्र झोप नाही म्हणून. मी म्हटलं बाईंना, जरा विचारा, बरं वाटेल त्यांना.” तो थांबला. “कशा आहेत आई?”

“गेली.”

“कधी?”

“सात वर्षं झाली. श्रावणात.”

त्यानं पेनाला टोपण लावलं आणि ते बाजूला ठेवलं. “त्रास झाला का फार?” त्यानं विचारलं. आणि उत्तरासाठी थांबला.

सात वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. भावानंही नाही. मी त्या ओल्या बोळात बसून सगळं सांगितलं, शेवटचे तीन दिवस, तिनं माझा हात कसा सोडला नाही ते, सगळं. हात धुवायला येणारे लोक आमच्याकडे बघून जात होते. तो मध्ये एकदाही बोलला नाही. आणि बोलता-बोलता मला स्वच्छ उमगत होतं, की माझ्या येण्यानं त्या रंगपटात कुणाला बरं वाटत असेलच तर ते दाराशी उभ्या असलेल्या या माणसाला. इतकी वर्षं माझी चिठ्ठी तो होता.

मी डोळे पुसले आणि त्याच्यापुढे वही सरकवली.

“तुमची सही राहिली माझ्याकडे.”

“तुम्ही मागितलीच नाहीत कधी,” तो म्हणाला. तक्रार अशी नव्हतीच त्यात. पेन घेऊन त्यानं पान सरळ केलं. “आपल्याला चिठ्ठीबिठ्ठी लागत नाही हं. पद्मजा मगदूम. बरोबर?”

बरोबर, म्हणायला मी तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. मला त्याचं नाव माहीत नव्हतं. अकरा प्रयोग, त्याआधी दोन वर्षं दर गुरुवारी मालिका, आणि नाव माहीत नव्हतं. श्रेयनामावलीत ते शेवटी कुठंतरी येत असणार, तोवर मी टीव्ही बंद करून भाकऱ्या टाकायला गेलेली असणार. पाटीवर महादू टांगेवाला. मी मनातल्या मनात धडपडले आणि मला एक शक्कल सुचली, तिचा मला तेव्हा अभिमानही वाटला.

“सहीखाली जरा पूर्ण नाव लिहा ना, स्पष्ट,” मी म्हणाले. “कलाकारांच्या सहीतलं अक्षर मला लागत नाही. नंतर कुणाची कोणती कळत नाही.”

त्यानं माझ्याकडे पाहिलं. त्याला कळलं. तासाभरापूर्वी ताईंसमोर माझा चेहरा कसा झाला असेल ते मला तेव्हा दिसलं नव्हतं, आता समोर दिसलं. मग सवयीनं असावं, तो हसला.

“माझी सही लागते, बाई. मोठ्या लोकांना नुसतं वेटोळं काढलं तरी चालतं. आम्हाला अक्षर न् अक्षर सोडवून लिहावं लागतं.”

त्यानं वही माझ्याकडे फिरवली. शाळेच्या दाखल्यावर लिहावं तसं लिहिलं होतं, ‘अनंत कोंडिबा रसाळ’.

माफी मागावी असं वाटलं, पण कशी मागतात ते सुचेना. त्यानंच ती वेळ निभावून नेली.

“साडेपाचची साताऱ्याची गाडी आहे मला,” तो उठत म्हणाला. “इथं काही आता कुणी फिरकत नाही. समोर टपरी आहे, चला, चहा घेऊ. आईंचं आणखी सांगा.”

तेवढ्यात हॉलमधला लाऊडस्पीकर खरखरला. मिरजेच्या श्रीमती पद्मजा मगदूम यांनी मंचाकडे यावं.

“माझं भाषण आहे,” मी म्हणाले. “दहा मिनिटांत येते. थांबाल ना?”

“थांबतो की. जा तुम्ही.”

मला जावंच लागणार होतं असं अजिबात नाही. साडी अलकाच्या हातात होती, आणि तिला बोलायला मिळालं असतं तर ती उड्या मारत गेली असती. पण त्या बायकांनी माझ्याकडे ज्या दयेनं पाहिलं होतं, ती पुसून टाकायची एवढी एक संधी होती. मी जवळजवळ धावत गेले.

भाषण मला तोंडपाठ होतं. रंगपटात ताई माझा हात कसा धरायच्या ते मी सांगितलं. निपाणीला त्यांनी आईची चौकशी केली आणि त्या एका प्रश्नानं मला किती बळ दिलं, तेही सांगितलं. आवाज कुठं कापवायचा ते ठरलेलं होतं, तो तिथं कापला. मध्येच एकदा ते दुसरं नाव अगदी जिभेवर आलं होतं. तिथं थांबून ते घ्यायला काय लागत होतं? पण मग पुढचं सगळंच कोसळलं असतं. मी गिळून टाकलं आणि पुढचं वाक्य घेतलं.

ताईंनी डोळ्यांना रुमाल लावला. साडी छातीशी धरून त्या माइकजवळ आल्या.

“पद्मजाचं आणि माझं नातं,” त्या म्हणाल्या, “शब्दांत सांगता येणार नाही.”

हॉल टाळ्यांनी दणाणला. अलका तर पदर तोंडाला लावून रडत होती, सगळ्या बायकांच्या माना ताठ झाल्या होत्या. मी जिंकले होते. आणि तिथं, त्या उजेडात, दोन-तीनशे माणसांसमोर, मला इतकं एकटं वाटलं की आई गेली त्या रात्रीसुद्धा तसं वाटलं नव्हतं.

खाली उतरता येईना. शाली, नारळ, प्रायोजकांची दोन भाषणं. आठ कलाकारांना नाव घेऊन वर बोलावलं, त्यांत रसाळांचं नाव नव्हतं. दहा मिनिटांची पन्नास मिनिटं झाली तेव्हा कुठं मी बोळात पोचले.

टेबल मिटून भिंतीला लावलं होतं. एक बाई फरशी पुसत होती.

“इथं बसलेले ते कुठं गेले?”

“कोण, महादू? हे काय, आत्ताच गेले. लई वेळ वाट बघत होते कुणाची तरी. दोन चहा आणून ठेवले, एक पिले, एक तसाच ऱ्हायला.” तिनं हातातल्या फडक्यानं खिडकीकडे दाखवलं. तिथं कागदी कप होता, चहावर जाड साय धरलेली. “गाडी चुकंल म्हणाले.”

“अनंत रसाळ,” मी म्हणाले. “अनंत रसाळ नाव आहे त्यांचं.”

“असंल,” ती म्हणाली आणि पोछा पिळायला लागली.

बोळाच्या टोकाचं दार उघडं होतं. पलीकडे अंगण, उभ्या केलेल्या गाड्या, आणि गेटापाशी पाठमोरा झब्बा, हातात कापडी पिशवी, रिक्षाला हात करत असलेला. मी दारापर्यंत गेले.

“पद्मजा!” मागून अलकाचा आवाज आला. “हितं काय करतेस? चल लवकर, ग्रुप फोटो हाय! ताई थांबल्यात. पद्मजा आल्याबिगर फोटो नको म्हणाल्या!”

ताई माझ्यासाठी थांबल्या होत्या. माझं नाव घेऊन थांबल्या होत्या.

गेटापाशी एक रिक्षा येऊन उभी राहिली. तो वाकून रिक्षावाल्याशी काही बोलत होता, भाड्याचं असेल. अंतर साठ-सत्तर पावलांचं होतं. हाक मारली असती तर ऐकू गेली असती, आणि हाक मारायला आता मला नाव माहीत होतं.

मी फोटोला गेले.